रिस्टोअर पूर्ण झालं, पण सर्व्हर उठत नाही: बॅकअपला दोष देण्याआधी काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा. एका लहान कारखान्यात अल्मालिनक्स ९ चा (रेड हॅटच्या घराण्यातल्या लिनक्सचा) सर्व्हर होता. त्यावर बिलिंग, स्टॉक आणि त्यामागे पोस्टग्रेस डेटाबेस. जुन्या मशीनचं रेड कार्ड (अनेक डिस्का एकत्र चालवणारं कार्ड) गेलं. रोज रात्री आरसिंकने (फाइली कॉपी करणाऱ्या साधनाने) नॅसवर (नेटवर्कवरच्या साठवणुकीवर) फाइलींचा बॅकअप जात होता, तो हाताशी आहे. नवीन मशीन आणलं, त्यात एनव्हीएमई डिस्क आहे. लाइव्ह यूएसबीवरून पार्टिशनं पाडली, सगळ्या फाइली परत टाकल्या. आधी मशीन म्हणत होतं की बूट करण्याजोगं डिव्हाइसच नाही. ग्रब हा बूटलोडर, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, नव्याने टाकल्यावर थोडं पुढे सरकलं, पण आता बराच वेळ थांबून ‘ड्रॅकट’ असं लिहिलेल्या प्रॉम्प्टवर येऊन अडकतं. पहिल्यापासून पुन्हा रिस्टोअर केलं, तरी तेच. बॅकअपच खराब झालाय का, असं विचारलंय.

बॅकअप बहुधा ठीक आहे. पुन्हा रिस्टोअर मारू नका. त्याने वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. सर्व्हर उठण्यासाठी लागणाऱ्या बऱ्याच गोष्टी फाइलींच्या बॅकअपमध्ये कधी नसतातच. मदरबोर्डच्या मेमरीतल्या बूटच्या नोंदी, पार्टिशनांचे यूयूआयडी (ओळखक्रमांक), जुन्या रेड कार्डाशी जुळवून बनलेली सुरुवातीची इमेज हे सगळं त्या जुन्या मशीनचं होतं. घर बदलल्यावर सामान नव्या जागी नीट लागलं, पण गॅसच्या पुस्तकावर आणि रेशनकार्डावर पत्ता जुनाच राहिला, तशी ही अवस्था आहे. सामान पुन्हा वाहून आणून पत्ता बदलत नाही.

कामाला लागण्याआधी दोन गोष्टी करा. जुन्या डिस्का काढून, त्यावर क्रमांक लिहून बाजूला ठेवा. रेड कार्डात कोणती डिस्क कोणत्या खाचेत होती ते महत्त्वाचं असतं. त्या दुसऱ्या कार्डावर लावून पाहिल्या आणि स्क्रीनवर ‘फॉरेन कॉन्फिगरेशन’ दिसलं, तर इम्पोर्टचा पर्याय वेगळा आणि इनिशियलाइजचा वेगळा, हे लक्षात असू द्या. दुसरा दाबला तर परतीची वाट बंद होते. आणि नॅसवरचा रात्रीचा बॅकअप जॉब आत्ताच थांबवा. अर्धवट उठलेला नवा सर्व्हर रात्री बारा वाजता आपलं अर्धवट रूप चांगल्या बॅकअपवर सिंक करतो, आणि आरसिंकला ‘डिलीट’चा पर्याय लावलेला असेल तर सकाळी काहीच उरत नाही.

आता मूळ पद्धत. बूट एकाच झटक्यात होत नाही. फर्मवेअर (मदरबोर्डवरचा प्रोग्राम) बूटलोडर शोधतं, बूटलोडर कर्नल आणि इनिटरॅमएफएस (वर म्हटलेली सुरुवातीची इमेज) मेमरीत आणतो, इनिटरॅमएफएस रूट डिस्क (जिच्यावर सगळी सिस्टिम असते ती) शोधून माउंट करतं, मग सिस्टमडी हा सेवा सुरू करणारा प्रोग्राम बाकीचं सगळं उभं करतं. प्रत्येक टप्प्याची अडण्याची खूण वेगळी असते, म्हणून स्क्रीनवरची शेवटची ओळ सर्वांत मोलाची. मोबाइलने फोटो काढून ठेवा. कर्नलच्या ओळीतून ‘क्वायट’ आणि ‘आरएचजीबी’ हे दोन शब्द काढले की लपलेले संदेशही दिसू लागतात. ग्रबच्या यादीत त्या नोंदीवर ‘ई’ दाबा, शब्द खोडा, कंट्रोल-एक्स दाबून पुढे जा. हा बदल तेवढ्या एका बूटपुरताच असतो, त्यामुळे निर्धास्त करता येतो.

तुम्हाला पहिल्यांदा आलेला ‘बूट डिव्हाइस नाही’ हा संदेश फर्मवेअरचा होता. जुनं मशीन लेगसी बायोस, म्हणजे जुन्या, पद्धतीने उठत असणार. त्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांतल्या ४४६ बाइटांत बूटचा कोड असतो आणि ग्रबचा पुढचा भाग पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या मोकळ्या जागेत. या दोन्ही जागा कुठल्याही फाइलीत नाहीत, म्हणून आरसिंकला त्या दिसतच नाहीत. नवीन मशीन यूईएफआयचं, म्हणजे नव्या पद्धतीच्या फर्मवेअरचं. त्याला फॅट३२ असलेलं वेगळं ईएफआय पार्टिशन लागतं, आणि त्यातल्या कोणत्या फाइलीवरून उठायचं याची नोंद मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये असते. त्या नोंदीत पार्टिशनचा जीयूआयडीही (ओळखक्रमांकही) लिहिलेला असतो. म्हणजे त्याच मशीनमध्ये डिस्क बदलून ईएफआय पार्टिशन नव्याने पाडलं, तरी जुनी नोंद हवेत लटकते. ‘ईएफआय-बूट-एमजीआर’ या कमांडने सगळ्या नोंदी दिसतात, नवी घालता येते. नोंद नसली तरी फर्मवेअर एक ठरावीक जागा पाहतं: ईएफआय फोल्डरातल्या बूट फोल्डरातली ‘बूटएक्स६४’ ही फाइल. शिमची (ग्रबच्या आधी चालणाऱ्या, सही केलेल्या छोट्या प्रोग्रामची) प्रत तिथे ठेवली असेल तर नोंदीशिवायही मशीन उठतं, म्हणून ती प्रत मी नेहमी ठेवतो.

इथे एक गोष्ट वारंवार नडते. लाइव्ह यूएसबी स्वतः लेगसी पद्धतीने उठलेली असेल, तर त्यातून यूईएफआयची नोंद घालताच येत नाही. सिस फोल्डरातल्या फर्मवेअरमध्ये ‘ईएफआय’ नावाचा फोल्डर आहे का ते आधी पाहा. नसेल तर मशीन रीस्टार्ट करून बूट मेनूत त्याच यूएसबीची यूईएफआय असं लिहिलेली नोंद निवडा.

व्हर्च्युअल मशीन असेल तर हाच घोळ एका चुकीच्या टिचकीने होतो. प्रॉक्समॉक्समध्ये सीबायोस की ओव्हीएमएफ, हायपर-व्हीमध्ये जनरेशन १ की २, व्हीएमवेअरमध्ये बायोस की ईएफआय. मूळ मशीन ज्या पद्धतीचं होतं तीच पद्धत रिस्टोअर केलेल्या मशीनला हवी. व्हीएम रिस्टोअर होऊन नुसती काळी स्क्रीन देत असेल, तर मी सर्वांत आधी हेच पाहतो.

संपूर्ण डिस्कची इमेज मोठ्या डिस्कवर ओतली असेल तर आणखी एक बाब. जीपीटी (पार्टिशनांचा तक्ता ठेवण्याची पद्धत) आपल्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या अगदी शेवटी ठेवतं. डिस्क मोठी झाली की ती प्रत मध्येच कुठेतरी राहते. ‘एसजीडिस्क’ला ‘ई’ हा पर्याय देऊन ती शेवटी हलवता येते.

दुसरा टप्पा ग्रबचा. दोन प्रॉम्प्ट दिसायला सारखे, अर्थाने वेगळे. ‘ग्रब रेस्क्यू’ दिसलं तर ग्रबचा गाभा उठलाय, पण त्याला स्वतःची मॉड्यूलं सापडत नाहीत. बूट पार्टिशन बदललंय किंवा त्याला ते वाचता येत नाही. नुसतं ‘ग्रब’ दिसलं तर मॉड्यूलं मिळाली आहेत, पण कॉन्फिग फाइल सापडली नाही. दोन्हींत ‘एलएस’ मारा. डिस्कांची यादी येते, एकेक उघडून कर्नलच्या फाइली कुठे आहेत ते दिसतं.

अल्मालिनक्स ९ मध्ये ईएफआय पार्टिशनवरची ग्रब कॉन्फिग ही फक्त चार-पाच ओळींची फाइल असते: अमुक यूयूआयडीचं बूट पार्टिशन शोध, त्यातला ग्रब२ फोल्डर धर, तिथली खरी कॉन्फिग वाच. बूट पार्टिशन नव्याने फॉरमॅट झालं की यूयूआयडी बदलतो आणि ही फाइल जुन्याच्या शोधात राहते. तेवढा यूयूआयडी हाताने बदला. त्या फाइलीवर ‘ग्रब२-एमकेकॉन्फिग’ चालवून ती मोठी कॉन्फिग तिथे ओतू नका. ९ मध्ये ती जागा त्यासाठी नाही. तसंच यूईएफआय मशीनवर ‘ग्रब२-इन्स्टॉल’ वापरण्यापेक्षा ग्रबचं ईएफआय पॅकेज आणि शिम ही दोन पॅकेजं पुन्हा टाका. सिक्युअर बूटसाठी (फक्त सही केलेला बूटलोडर चालू देणाऱ्या व्यवस्थेसाठी) लागणारी सही त्या पॅकेजमधल्या फाइलींवर असते.

आणि हे जरूर पाहा: फाइल सिस्टिम कोणत्या लाइव्ह यूएसबीने बनवली? नव्या डिस्ट्रोच्या यूएसबीने ईएक्सटी४ बनवलं तर २०२३ मध्ये आलेल्या ई२एफएसप्रॉग्ज १.४७ पासून ‘मेटाडेटा-सीसम-सीड’ हे वैशिष्ट्य आपोआप चालू असतं, आणि मूळ ग्रब २.०६ ला ते ओळखता येत नाही. त्याच्या दृष्टीने ती फाइल सिस्टिमच अनोळखी. एक्सएफएसचंही असंच, नवं साधन जुन्या कर्नलला न कळणारी वैशिष्ट्यं चालू करून ठेवतं. माणूस मग तासन्‌तास ग्रब पुन्हा पुन्हा टाकत बसतो आणि खोट भलतीकडेच असते. म्हणून रेस्क्यूसाठी त्याच डिस्ट्रोची, त्याच मुख्य आवृत्तीची इन्स्टॉलर यूएसबी वापरा. हाताशी असलेली कुठलीही चालेल, असं इथे नसतं.

आता तुमचा टप्पा, ड्रॅकट, म्हणजे इनिटरॅमएफएस बनवणारं साधन. कर्नल उठलंय आणि त्याला रूट डिस्क मिळत नाही, एवढाच या प्रॉम्प्टचा अर्थ. तो प्रॉम्प्ट म्हणजे लहानसं पण चालतं लिनक्स आहे, त्यातच बसून कारण शोधता येतं. प्रॉक फोल्डरातली ‘पार्टिशन्स’ फाइल कॅट करून पाहा.

तिथे एनव्हीएमई डिस्क दिसतच नसेल, तर ड्रायव्हर नाही. रेड हॅटच्या घराण्यात इनिटरॅमएफएस बनवताना ड्रॅकट ‘होस्टओन्ली’ पद्धत वापरतं, म्हणजे त्या घडीला मशीनला लागणारेच ड्रायव्हर आत घेतं. तुमच्या जुन्या मशीनवर रेड कार्डाचा ड्रायव्हर लागत होता, एनव्हीएमईचा लागत नव्हता, म्हणून तो आत नाही. डेबियन आणि उबुंटूमध्ये मुळातच बहुतेक ड्रायव्हर आत घातलेले असतात, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला हा अनुभव नवा वाटतो. तुमच्या बाबतीत मला हेच कारण सर्वांत जास्त संभवनीय वाटतं. पडताळायला सोपं आहे: ग्रबच्या यादीत ‘रेस्क्यू’ लिहिलेली नोंद असते, ती निवडा. तिची इमेज इन्स्टॉल करताना सर्व ड्रायव्हरांसह बनलेली असते. त्या नोंदीने मशीन पुढे गेलं तर निदान पक्कं. मात्र ती नोंद इन्स्टॉलच्या वेळच्या जुन्या कर्नलची असते आणि त्या कर्नलची मॉड्यूलं अपडेटांमध्ये डिस्कवरून निघून गेलेली असू शकतात. मग फॅटचं मॉड्यूल नाही म्हणून ईएफआय पार्टिशन माउंट होत नाही आणि मशीन इमर्जन्सी मोडमध्ये जातं. ते पाहून घाबरू नका, रूट डिस्क मिळाली का एवढंच तुम्हाला तपासायचं होतं.

रेस्क्यू नोंदीतूनही डिस्क दिसली नाही, तर बायोसमध्ये जाऊन स्टोरेजची पद्धत पाहा. इंटेलच्या मशीनांवर व्हीएमडी चालू असेल तर एनव्हीएमई त्यामागे लपते आणि ‘व्हीएमडी’ ड्रायव्हर मिळेपर्यंत लिनक्सला ती दिसत नाही.

डिस्क दिसते पण रूट मिळत नाही, असं असेल तर प्रॉक फोल्डरातली ‘सीएमडीलाइन’ वाचा. कर्नलला काय शोधायला सांगितलंय ते तिथे लिहिलेलं असतं. मग ‘बीएलकेआयडी’ चालवून डिस्कवर खरोखर कोणते यूयूआयडी आहेत ते शेजारी लिहा. कागदावर लिहा, स्क्रीनवर नजरेने जुळवताना एखादं अक्षर हमखास सुटतं. जुनी रूट एलव्हीएमवर (पार्टिशनांवर लवचीक व्हॉल्यूम बनवणाऱ्या रचनेवर) होती आणि तुम्ही नव्या डिस्कवर साधी पार्टिशनं पाडली असतील, तर कमांडलाइनमधला ‘आरडी.एलव्हीएम.एलव्ही’ नसलेल्या व्हॉल्यूमची वाट पाहत बसतो. स्वॅपचंही (मेमरी कमी पडल्यावर वापरायच्या डिस्कवरच्या जागेचंही) असंच. स्वॅपचा बॅकअप कोणी घेत नाही, नवं स्वॅप बनवलं की यूयूआयडी नवा, आणि ‘रिझ्यूम’ या शब्दापुढे जुनाच राहिलेला असतो. डेबियनवर याच कारणाने ‘सस्पेंड-रिझ्यूम डिव्हाइसची वाट पाहणं सोडलं’ अशा अर्थाची ओळ येते.

तिसरी शक्यता फारशा लोकांना माहीत नाही. अल्मालिनक्सच्या आवृत्ती ९ पासून एलव्हीएम कोणत्या डिस्का पाहायच्या याची यादी एटसी फोल्डरातल्या एलव्हीएमच्या ‘डिव्हाइसेस’ फोल्डरात ठेवतं. तुमच्या रिस्टोअरबरोबर ती फाइलही आली, आणि तिच्यात जुन्या डिस्कची ओळख आहे. नवी डिस्क यादीत नाही, म्हणून एलव्हीएम तिच्याकडे पाहतच नाही; सीएचरूटमध्ये (म्हणजे यूएसबीवरून उठून रिस्टोअर केलेल्या सिस्टिमच्या आत शिरून) ‘पीव्हीएस’ चालवलं तर रिकामं उत्तर येऊ शकतं. ती फाइल तात्पुरती दुसऱ्या नावाने बाजूला करा, म्हणजे सगळ्या डिस्का दिसू लागतील. मग ‘व्हीजीइम्पोर्टडिव्हाइसेस’ने यादी नव्याने बनवा.

दुरुस्ती प्रत्यक्ष अशी करायची. अल्मालिनक्स ९ ची इन्स्टॉलर यूएसबी यूईएफआयमधून उठवा आणि ट्रबलशूटिंगमधून रेस्क्यू निवडा. ते सिस्टिम शोधून ‘सिसरूट’ फोल्डरात माउंट करून देतं. शोधता आली नाही तर स्वतः माउंट करा: आधी रूट, मग त्यात बूट, मग त्यात ईएफआय पार्टिशन, आणि डेव्ह, प्रॉक, सिस, रन हे चार फोल्डर बाइंड करून. ईएफआय-व्हर्सची फाइल सिस्टिमही माउंट झालीय ना ते पाहा, नाहीतर नोंद घालताना नकार मिळतो. मग सीएचरूट.

आत गेल्यावर पहिली नजर बूट फोल्डरवर. आरसिंकला ‘एकच फाइल सिस्टिम’चा पर्याय दिलेला असेल तर बूट आणि ईएफआय ही वेगळी पार्टिशनं बॅकअपमध्ये आलेलीच नसतात, आणि हे आजच कळतं. बूटमधल्या कर्नलची आवृत्ती आणि लिब फोल्डरातल्या मॉड्यूलांची आवृत्ती अगदी अक्षरशः जुळली पाहिजे. बूट रिकामं असेल किंवा जुळत नसेल तर कर्नलची पॅकेजं पुन्हा टाका. त्यानंतर बूटमधल्या ‘लोडर’ फोल्डरातल्या नोंदी उघडून वाचा. सीएचरूटमध्ये कर्नल टाकताना कधी कधी लाइव्ह यूएसबीचीच कमांडलाइन नव्या नोंदीत येऊन बसते. ‘ग्रबी’ने रूट, रिझ्यूम आणि एलव्हीएमचे शब्द दुरुस्त करा.

मग एफएसटॅब, म्हणजे बूटच्या वेळी कोणत्या डिस्का माउंट करायच्या याची यादी. प्रत्येक ओळीतला यूयूआयडी बीएलकेआयडीशी ताडून पाहा, ईएफआय पार्टिशनची ओळ जुन्या मशीनवर नसणारच, ती घाला. नॅस, बाहेरची यूएसबी डिस्क, जुन्या रेडवरचा डेटा व्हॉल्यूम यांच्या ओळी तूर्त कॉमेंट करा किंवा ‘नोफेल’ लावा. एफएसटॅबमधली एक डिस्क मिळाली नाही तर सिस्टमडी दीड मिनिट वाट पाहतं आणि थेट इमर्जन्सी मोडमध्ये जातं. रूट वापरकर्त्याचं खातं बंद असेल तर बऱ्याच डिस्ट्रोंवर तिथे आतही शिरता येत नाही.

हे सगळं झाल्यावर, आधी नाही, ड्रॅकट चालवा. ‘नो-होस्टओन्ली’, ‘फोर्स’ आणि ‘रीजनरेट-ऑल’ हे तीन पर्याय द्या. इमेज मोठी होईल, बूटमध्ये जागा आहे ना ते पाहा. मग ‘एलएसइनिटआरडी’ने इमेजमधली यादी काढून त्यात एनव्हीएमई शोधा. ते नाव स्वतःच्या डोळ्यांनी दिसल्याशिवाय रीबूट करू नका. एकदा नीट उठलं की साध्या पद्धतीने इमेज पुन्हा बनवता येते, पण ती मोठी इमेज तशीच राहिली तरी काही बिघडत नाही. मला तर तशीच ठेवलेली आवडते, पुढच्या वेळी कामाला येते.

इथून पुढे रूट माउंट झाल्यावरचे त्रास. प्रॉक, सिस, डेव्ह, रन, टेंप हे फोल्डर बॅकअपमधून वगळतात ते बरोबरच, पण रिस्टोअर करताना ते रिकामे तरी बनवावे लागतात. नसतील तर सिस्टमडी ‘एपीआय फाइल सिस्टिम माउंट झाल्या नाहीत’ म्हणून तिथेच गोठतं. टेंपची परवानगी १७७७ हवी.

फाइलींचे मालक बदललेत का हे नीट पाहा. आरसिंकला ‘न्यूमेरिक-आयडीज’ दिलं नसेल तर लाइव्ह यूएसबीच्या वापरकर्त्यांच्या यादीप्रमाणे नावं जुळवली जातात आणि पोस्टग्रेसच्या फाइली भलत्याच्याच नावावर जातात. नॅस विंडोज शेअर म्हणून माउंट केलेलं असेल तर बॅकअप घेतानाच मालक आणि परवानग्या हरवल्या असण्याची शक्यता मोठी. लक्षणं अशी: सूडो म्हणतं मी रूटच्या मालकीचा नाही, एसएसएच म्हणतं माझी खाजगी की सर्वांना वाचता येतेय, म्हणून सुरू होत नाही. पॅकेजमधून आलेल्या फाइलींपुरता उपाय आहे. आरपीएमला आधी ‘सेट-यूजीआयडीज’ आणि मग ‘सेट-पर्म्स’ सांगायचं, याच क्रमाने, कारण मालक बदलला की सेटयूआयडीची (मालकाच्या अधिकाराने प्रोग्राम चालवण्याची) खूण निघून जाते. तुमच्या स्वतःच्या अ‍ॅप्लिकेशनच्या आणि डेटाच्या फोल्डरांचे मालक हातानेच लावावे लागतील.

एसईलिनक्सचे (लिनक्सच्या सुरक्षा-नियमांच्या यंत्रणेचे) लेबल आरसिंकमध्ये ‘एक्स’ पर्याय असेल तरच येतात. नसतील तर सर्व्हर उठलेला दिसतो, पण लॉगिन होत नाही, सेवा एकामागून एक पडतात. रूटवर ‘ऑटोरीलेबल’ नावाची, सुरुवातीला टिंब असलेली रिकामी फाइल बनवा आणि पहिल्या बूटला कर्नलच्या ओळीत ‘एन्फोर्सिंग=०’ लिहा. लेबल लागायला वेळ लागतो, मध्येच बटण दाबून बंद करू नका. एसईलिनक्स कायमचं बंद करून टाका असा सल्ला बरेच जण देतील. मी देणार नाही. लेबलं लावणं हे एका बूटचं काम आहे, त्यासाठी पुढची काही वर्षं सर्व्हरचं दार उघडं ठेवायचं कारण नाही.

बऱ्याचदा सर्व्हर उठलेला असतो आणि फक्त नेटवर्कवर येत नाही, आणि दूरवर बसलेला माणूस ‘बूटच होत नाही’ म्हणतो. नवं कार्ड आलं की इंटरफेसचं नाव बदलतं, आणि जुन्या कनेक्शन फाइलीत जुनं नाव किंवा जुना मॅक पत्ता लिहिलेला असतो. मॉनिटर लावून लॉगिनचा प्रॉम्प्ट येतोय का ते पाहिल्याशिवाय बूटला हात लावू नका.

सिक्युअर बूट चालू असेल तर स्वतःच्या ड्रायव्हरांच्या सहीसाठी घातलेल्या चाव्याही जुन्या मदरबोर्डवरच राहिल्या, त्या नव्याने घालाव्या लागतील. बॅकअप फार जुना असेल तर आणखी एक अडचण येते. ऑगस्ट २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अपडेटने शिमच्या जुन्या आवृत्त्या रद्द ठरवणारी एसबॅटची नोंद बऱ्याच मशीनांवर घातली. तशा मशीनवर जुना शिम ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ म्हणून थांबतो. शिमचं नवं पॅकेज टाकेपर्यंत सिक्युअर बूट तात्पुरतं बंद ठेवायचं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली आणि चावी टीपीएममध्ये (मदरबोर्डवरच्या सुरक्षा चिपमध्ये) असेल, तर नव्या मशीनच्या टीपीएममध्ये ती नाही. लक्सचा (लिनक्सच्या डिस्क-एन्क्रिप्शनचा) मूळ पासफ्रेज किंवा बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कुठे लिहून ठेवली आहे, हे आजच शोधा.

हाच प्रश्न विंडोज सर्व्हरबद्दल असता तर वाट वेगळी, तर्क तोच. निळ्या स्क्रीनवर ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’, म्हणजे ०एक्स७बी, आलं तर स्टोरेजचा ड्रायव्हर नाही. विंडोजच्या यूएसबीवरून रिकव्हरीत जाऊन ‘डिस्म’ने तो ड्रायव्हर बंद इमेजमध्ये घाला. व्हीएम असेल तर युक्ती अशी की बूट डिस्क आधी साध्या साटा कंट्रोलरवर लावून उठवा, सोबत एक छोटी रिकामी डिस्क नव्या व्हर्टआयओ कंट्रोलरवर लावा, ड्रायव्हर बसू द्या, मग बंद करून बूट डिस्क तिकडे हलवा. ‘०एक्ससी००००००ई’ किंवा बीसीडीचा (विंडोजच्या बूट नोंदींचा) उल्लेख आला तर ‘बीसीडीबूट’ने बूटच्या फाइली नव्याने लिहा, ‘बूटरेक-फिक्सबूट’ यूईएफआयवर बऱ्याचदा ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणतं, त्याच्यामागे लागू नका.

माझं एक स्पष्ट मत. तुमच्याकडे फक्त फाइलींचा बॅकअप आहे आणि मशीन पूर्णपणे वेगळं आहे. वर सांगितलेलं सगळं करून अर्ध्या दिवसात सर्व्हर उठला नाही, तर त्याच आवृत्तीचं अल्मालिनक्स कोरं टाका. इन्स्टॉलर ईएफआय, बूट, एलव्हीएम, ड्रायव्हर सगळं या मशीनला शोभेल असं करून देतो. मग बॅकअपमधून अ‍ॅप्लिकेशन, त्याची कॉन्फिग, वापरकर्ते आणि डेटा एवढंच आणा. एफएसटॅब, बूट, मॉड्यूलं, एलव्हीएमची यादी, नेटवर्कच्या फाइली आणू नका. मालकाला बिलिंग सुरू झालेलं हवंय, जुनी सिस्टिम जशीच्या तशी उठलेली नव्हे, आणि हा मार्ग वेळेच्या दृष्टीने भरवशाचा आहे.

सर्व्हर उठला की लगेच ‘एसएफडिस्क’चा डंप, बीएलकेआयडीचं उत्तर, ईएफआय-बूट-एमजीआरच्या नोंदी आणि एलव्हीएमचा कॉन्फिग बॅकअप या चार गोष्टी मजकूर फाइलींत काढून रोजच्या बॅकअपमध्ये घाला. काही केबींचं काम आहे. जमल्यास ‘रिलॅक्स-अँड-रिकव्हर’ बसवा. ते पार्टिशनांची रचना आणि बूटलोडरसकट उठणारी रेस्क्यू इमेज बनवतं. ती एखाद्या टाकाऊ मशीनवर एकदा उठवून पाहा.

आणि शेवटची बाब, जिच्याबद्दल मला बूटपेक्षा जास्त काळजी वाटते. पोस्टग्रेस चालू असताना आरसिंकने त्याचा डेटा फोल्डर उचलला जात होता का? तसं असेल तर ती प्रत एकाच क्षणाची नसते. काही फाइली आधीच्या, काही नंतरच्या. डेटाबेस सुरू झाला म्हणून तो बरोबर आहे असं धरू नका. नॅसवर पीजीडंपच्या (पोस्टग्रेसच्याच साधनाने काढलेल्या प्रतींच्या) फाइली सापडतात का ते आधी पाहा. असतील तर नव्या रिकाम्या क्लस्टरमध्ये त्याच भरा. नसतील तर डेटा फोल्डरची प्रत वेगळी ठेवून मगच सेवा सुरू करा, लगेच पूर्ण डंप काढा. तो काढताना सगळ्या टेबलांच्या ओळी वाचल्या जातात, त्यामुळे टेबलांतली तुटफूट तिथे बऱ्यापैकी समोर येते. इंडेक्स त्यात तपासले जात नाहीत, ते ‘रीइंडेक्स’ने नव्याने बांधा. मग शेवटच्या दिवसाची बिलं कागदी पावत्यांशी एकेक जुळवा. हे होईपर्यंत बाजूला ठेवलेल्या जुन्या डिस्का कोणाला देऊ नका आणि पुसू नका.